बॅटरीवरील चेनसॉ : फळबाग आणि बांधावरील झाडांच्या छाटणीसाठी निवड, वापर व खबरदारी

बांधावरची बाभूळ पिकावर सावली धरते, जुन्या हापूसच्या फांद्या एकमेकींत घुसतात, वळवाच्या वाऱ्याने मोडलेली सुबाभळीची फांदी ठिबकच्या नळ्यांवर आडवी पडते. अशा कामांना आतापर्यंत कोयता, कुऱ्हाड आणि करवत हीच अवजारे होती. काम मोठे असेल तर पेट्रोल मशीनवाल्याला बोलवायचे आणि त्याच्या सवडीची वाट पाहायची. आता तालुक्याच्या बाजारात ‘मिनी कटर’ या नावाने बॅटरीवरचे छोटे चेनसॉ सहज मिळतात. वजनाला हलके, आवाज कमी, पेट्रोल-ऑइलचे मिश्रण करण्याची कटकट नाही, दोरी ओढून सुरू करण्याची झटापट नाही. त्यामुळे घरातील कोणीही ते हातात घेते. या यंत्राचा फायदा त्यातच आहे आणि धोकाही त्यातच. यंत्र घेण्यापूर्वी आणि पहिली फांदी कापण्यापूर्वी माहीत असायला हवे ते या लेखात दिले आहे.

कोणत्या कामाला कोणते यंत्र

बाजारात साधारण दोन प्रकार दिसतात. पहिला म्हणजे एका हातात मावणारा, ४, ६ किंवा ८ इंची पट्टीचा (पट्टी म्हणजे जिच्याभोवती चेन फिरते ती). दुसरा म्हणजे ३६ ते ४० व्होल्टचा, १२ ते १६ इंची पट्टीचा, दोन्ही हातांनी धरायचा मोठा चेनसॉ. दुसऱ्याची किंमत बरीच जास्त असते, पण त्याला चेन ब्रेक आणि आपोआप तेल सोडणारा पंप असतो. छोट्या यंत्रांत या दोन्ही गोष्टी बहुधा नसतात.

फांदीची जाडी पट्टीच्या लांबीच्या दोन तृतीयांशापेक्षा कमी असावी, हा हिशेब सोपा आणि उपयोगाचा आहे. ६ इंची पट्टीने ४ इंच जाडीपर्यंतची फांदी आरामात कापावी. त्यापुढे पट्टीचे टोक लाकडात अडकते आणि टोक अडकणे हेच बहुतेक अपघातांचे मूळ असते. त्याबद्दल पुढे सविस्तर येईलच.

‘एका चार्जमध्ये किती फांद्या?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. खोक्यावरचा आकडा बहुधा मऊ लाकडाच्या बारीक फांद्यांवरून काढलेला असतो. लक्षात ठेवायचे ते असे, की जाडी दुप्पट झाली की कापायचे लाकूड चौपट होते. ज्या चार्जमध्ये ५ सेंटिमीटर जाडीच्या ८० फांद्या निघतात, त्याच चार्जमध्ये १० सेंटिमीटरच्या सुमारे २० आणि २० सेंटिमीटरच्या जेमतेम ५ निघतील. त्यात लाकूड वाळलेली बाभूळ, चिंच किंवा खैर असेल तर आणखी कमी. दिवसभर सरपण फोडायचे असेल किंवा वादळात पडलेले मोठे आंब्याचे झाड तुकडे करून हलवायचे असेल, तर पेट्रोल मशीनच परवडते. बॅटरी यंत्राचे खरे काम मनगट ते दंडाएवढ्या जाडीच्या फांद्यांचे. आंबा, काजू, चिकू, बोर यांची छाटणी, बांधावरच्या ग्लिरिसिडिया-सुबाभळीची कापणी, कुंपणात घुसलेल्या फांद्या अशा कामांत ते करवतीच्या कितीतरी पुढे आहे.

काही ठिकाणी मात्र ते वापरू नये. डाळिंबात तेल्याचे जिवाणू छाटणीच्या अवजारांवरून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातात. कात्री प्रत्येक झाडानंतर १ टक्का सोडिअम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवता येते. चेनसॉची चेन, पट्टी आणि आतला भुसा असा निर्जंतुक होत नाही. डाळिंबाला कात्रीच ठेवा, हातची किंवा बॅटरीची. नारळाच्या झावळीचे तंतू चेनमध्ये गुंडाळले जातात, तिथे कोयत्याला पर्याय नाही. शेवग्याचे लाकूड ओले आणि भुसभुशीत असल्याने यंत्रात लगदा साचतो, आणि ते हातकरवतीने तसेही पाच मिनिटांचे काम आहे. बांबूचे बेट विरळ करताना चेन पातळ कांबीला झटका देते आणि बांबू उभा चिरतो, म्हणून तिथेही बारीक दात्यांची करवत बरी.

बॅटरी पारखताना

या खरेदीत सर्वाधिक फसगत बॅटरीत होते. छोट्या यंत्रांत बहुधा एकापुढे एक जोडलेले पाच लिथियम सेल असतात. एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, म्हणजे पाचांचा १८. पूर्ण चार्ज झाल्यावर सेल ४.२ व्होल्टला जातो, म्हणून तीच बॅटरी २१ व्होल्टचीही म्हणवते. दोन्ही आकडे खरे आणि एकाच बॅटरीचे आहेत. पण त्याच आकाराच्या बॅटरीवर ४८, ८८ किंवा त्याहून मोठा आकडा छापलेला दिसला, तर तो दाब नव्हे, नुसती छपाई समजावी.

क्षमतेचेही तसेच. या बॅटरीत सहसा वापरला जाणारा १८६५० आकाराचा सेल सुमारे ४५ ग्रॅमचा असतो आणि चांगल्यातला चांगला सेल ३ ते ३.५ अँपिअर-अवर देतो. पाच सेलच्या बॅटरीची क्षमता यापेक्षा जास्त असूच शकत नाही. ४ किंवा ५ अँपिअर-अवर हवे तर सेलच्या दोन ओळी, म्हणजे दहा सेल लागतात, आणि नुसत्या सेलचेच वजन साडेचारशे ग्रॅम भरते. थोड्या मोठ्या २१७०० आकाराचे सेल असतील तर एकेक सुमारे ७० ग्रॅमचा. तेव्हा दुकानात बॅटरी काढून वजनकाट्यावर ठेवा. अडीच-तीनशे ग्रॅमची बॅटरी ‘९००० एमएएच’ असल्याचे कोणी सांगत असेल, तर पुढचे बोलणे न केलेलेच बरे.

दोन बॅटऱ्यांची तुलना करताना व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार करावा. १८ व्होल्ट गुणिले ४ म्हणजे ७२ वॉट-अवर. चार्जिंगमधील घट धरूनही एका चार्जला युनिटचा दहावा भागसुद्धा लागत नाही, म्हणजे खर्च एक-दीड रुपयाच्या आतच. खरा खर्च विजेचा नसून बॅटरी बदलण्याचा आहे. म्हणून यंत्र घेतानाच तशीच बॅटरी पुढे सुटी मिळेल का, कितीला मिळेल आणि चेन-पट्टी तालुक्यात मिळते का, हे विचारून घ्यावे. फवारणी पंप किंवा ड्रिल मशीन ज्या कंपनीचे आहे तिचीच बॅटरी चालत असेल तर उत्तम. अनुदानाची आशा दुकानदाराच्या शब्दावर धरू नये. घेण्यापूर्वी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात ते मॉडेल यादीत आहे का ते पाहावे.

आधी परवानगी

स्वतःच्या शेतातले झाड असले तरी ते कधीही तोडता येते असे नाही. ‘महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम, १९६४’ या कायद्याच्या अनुसूचीत साग, चंदन, खैर, आंबा, फणस, चिंच, मोह, हिरडा, जांभूळ, ऐन, किंजळ, अंजन अशी झाडे आहेत. ती तोडण्यासाठी वृक्ष अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. लाकूड वाहून न्यायचे असेल तर वाहतूक परवान्याचा प्रश्न वेगळा. वनपरिक्षेत्र किंवा तहसील कार्यालयात सातबारा घेऊन आधी चौकशी करावी. नगरपालिका-महापालिका हद्दीत १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू होतो आणि तिथे फांद्या छाटायच्या असल्या तरी आधी वृक्ष प्राधिकरणाकडे विचारलेले चांगले.

फळझाडाची बागायती छाटणी म्हणजे वृक्षतोड नव्हे. पण ‘छाटणी’ म्हणत झाडाचा नुसता सोट शिल्लक ठेवला, तर ते पटवून देणे अवघड जाते. कोकणात भाताच्या राबासाठी ऐन-किंजळाचे कवळ तोडतात. कोयत्याने तोडताना माणूस दमतो, म्हणून झाडावर काहीतरी उरते. यंत्र दमत नाही, हा फरक ध्यानात ठेवावा. शेंडा आणि वरच्या काही फांद्या राखल्याच पाहिजेत.

आणि बांधावरच्या झाडाबद्दल एक गोष्ट. बांध सामाईक असेल तर शेजाऱ्याला आधी सांगा आणि दोघांच्या समक्ष कापा. दहा मिनिटांत कापलेल्या फांदीवरून दहा वर्षे बोलणे बंद झालेली भावकी प्रत्येक गावात सापडते.

छाट कसा घ्यावा

फांदी जिथे खोडाला मिळते तिथे साल किंचित फुगलेली, कड्यासारखी दिसते. जखम भरून काढणारी वाढ याच कड्यातून होते. छाट या कड्याच्या लगेच बाहेर घ्यावा. खोडाला घासून सपाट कापले तर कडे निघून जाते, जखम मोठी होते आणि खोड आतून कुजू लागते. उलट वीतभर खुंट सोडला तर तो वाळतो आणि त्यातून कूज व भिरूड आत शिरतात. चेनसॉने सपाट कापणे फार सोपे असल्याने पहिली चूक जास्त होताना दिसते.

अंगठ्यापेक्षा जाड फांदी एका छाटात कापू नये. वरून कापत गेले की फांदी स्वतःच्या वजनाने मोडते आणि खोडाची साल हातभर सोलत खाली आणते. पंचवीस वर्षे वाढवलेल्या कलमाला अशी एक जखम पुरते. म्हणून तीन छाट घ्यावेत. पहिला खोडापासून सुमारे फूटभर अंतरावर, फांदीच्या खालच्या बाजूने, जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत. दुसरा त्याच्या दोन-तीन इंच पुढे, वरून. फांदी इथे मोडून पडते आणि साल पहिल्या छाटापाशी थांबते. आता वजन गेलेले असते, तेव्हा उरलेला खुंट कड्याच्या बाहेरून शांतपणे कापावा.

पहिल्या छाटात पट्टी चिमटली गेली तर यंत्र ओढू नये. चाप सोडा, बॅटरी काढा, फांदी दोरीने किंवा सोबत्याकडून वर उचलून घ्या आणि मग पट्टी मोकळी करा. चिमटलेल्या अवस्थेत पुन्हा पुन्हा चाप दाबल्याने मोटार आणि बॅटरी दोन्ही तापतात.

छाटल्यावर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावावी. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी हे प्रमाण. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत निम्म्या-निम्म्या पाण्यात विरघळवून मग एकत्र करावे. लोखंडी किंवा पत्र्याचे भांडे चालत नाही. तयार पेस्टमध्ये स्वच्छ लोखंडी विळा बुडवून पाहावा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, थोडी निवळी आणखी घालावी. पेस्ट त्याच दिवशी संपवावी.

कोकणात जुन्या, उंच गेलेल्या आंब्याची जोरकस छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात करावी. भर पावसात घेतलेली मोठी जखम सहसा कुजतेच. अशा पुनरुज्जीवनानंतर साधारण दोन वर्षे त्या झाडाकडून उत्पन्न धरू नये, म्हणून सगळी बाग एकाच वर्षी छाटायला काढू नका, टप्पे पाडा. छाटलेल्या झाडाच्या ताज्या जखमांकडे खोडकिडा ओढला जातो. खोडातून बाहेर आलेला भुसा दर आठ-पंधरा दिवसांनी पाहावा आणि दिसताच कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे उपाय करावा. कापलेले ओंडके बागेतच रचून ठेवणे म्हणजे त्या किडीला घर बांधून देणे. उघड्या पडलेल्या जाड फांद्यांना उन्हाचा चटका बसून साल तडकते, त्यांना चुना लावावा.

इजा होते ती कशी

पेट्रोल मशीन चालू असले की आवाजाने कळते. बॅटरीचे यंत्र चाप सोडला की गप्प होते, आणि गप्प यंत्र म्हणजे बंद यंत्र असे हाताला वाटू लागते. अडकलेली ढलपी काढायला बोट चेनजवळ जाते, दुसऱ्या हाताचे बोट चापावर राहते आणि पुढचे क्षणात घडते. म्हणून चेनला हात लावण्यापूर्वी बॅटरी काढायची. ताण पाहायचा, तेल सोडायचे, भुसा झाडायचा, यंत्र दुसऱ्याच्या हातात द्यायचे किंवा झाडाखाली ठेवून पाणी प्यायला जायचे, तरीही बॅटरी काढूनच. लॉकचे बटण यासाठी पुरेसे नाही. ही एक सवय घरातील प्रत्येकाला लागेपर्यंत यंत्र मुलांच्या हाती पडेल असे ठेवू नये.

दुसरी इजा उलट झटक्याची. पट्टीच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग लाकडाला किंवा शेजारच्या फांदीला टेकला, की चेन तिथे दात रोवते आणि अख्खे यंत्र चापकन वर, चेहऱ्याकडे उसळते. माणसाला हात आवरायला वेळ मिळत नाही. मोठ्या यंत्रात अशा वेळी चेन ब्रेक कामाला येतो. छोट्यात तो नसतो, तिथे टोकावरचे झाकण हाच आधार. ते झाकण काम अडवते म्हणून काढून टाकलेले सर्रास दिसते. काढू नये. टोकाने कापू नये, दाट फांद्यांत पट्टी खुपसू नये, खांद्याच्या वर हात नेऊन कापू नये आणि डोके पट्टीच्या रेषेत ठेवू नये.

छोटे यंत्र एका हाताने चालते, म्हणून दुसऱ्या हाताने फांदी धरण्याचा मोह होतो. डाव्या हाताच्या बोटांना आणि मनगटाला होणाऱ्या जखमा अशाच होतात. दोन्ही हात यंत्रावर ठेवा. फांदी धरायचीच असेल तर ती दोरीने बांधा. शिडीवर किंवा झाडावर चढून चेनसॉ चालवणे हे सुरक्षा दोर आणि शिकलेला हात असलेल्यांचे काम आहे. बाकीच्यांनी जमिनीवर उभे राहून लांब दांड्याची करवत किंवा लांब दांड्याचा बॅटरी सॉ वापरावा, आणि तोही फांदीच्या बरोबर खाली उभे राहून नव्हे.

कपडे अंगाबरोबरचे हवेत. लुंगी, खांद्यावरचा पंचा, साडीचा मोकळा पदर, सैल बाही यांतील काहीही चेनमध्ये गेले तर माणूस सोबत ओढला जातो. डोळ्यांना चष्मा, पायात बंद आणि जाड बूट, डोक्यावर हेल्मेट. आवाज कमी असला तरी तासन्‌तास काम असेल तर कानात बोळे घालावेत. चेन रोखणारी खास पँट मिळते. तिचे धागे चेनमध्ये गुंतून यंत्र थांबवतात, पण ती प्रामुख्याने पेट्रोल मशीनसाठी असते. विजेच्या मोटारीचा जोर वेगळा असल्याने तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये.

काम सुरू करण्यापूर्वी झाडाभोवती एक फेरी मारा. आग्या मोहोळ, पक्ष्यांची घरटी, ढोलीतला साप, आधीच मोडून अडकलेली फांदी आणि सर्वांत आधी वीज. तारेजवळची फांदी स्वतः कापू नका. यंत्र बॅटरीचे आहे म्हणून ते तारेच्या विजेपासून वाचवत नाही. ओल्या फांदीतून वीज थेट माणसापर्यंत येते. महावितरणच्या शाखा कार्यालयात किंवा १९१२ वर कळवून पुरवठा बंद झाल्याची खात्री झाल्यावरच त्यांच्या माणसांकडून काम करून घ्यावे. एकट्याने काम करू नये. स्वच्छ सुती कापडाची जाड घडी जवळ असावी. जखम झाली तर ती दाबून धरावी, हळद-चहापूड भरत बसू नये आणि १०८ ला फोन करावा.

पूर्ण झाड पाडायचे असेल तर

फूटभरापेक्षा जाड, वाकलेले, पोकळ किंवा घर-रस्ता-तारेजवळचे झाड अनुभवी माणसाकडे द्यावे. सरळ, लहान झाडाला ज्या दिशेला पाडायचे त्या बाजूला जाडीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याएवढी खाच घ्यावी. मग मागून, खाचेच्या तळापेक्षा थोडे वर कापत यावे आणि मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढे लाकूड न कापता ठेवावे. हे लाकूड बिजागरीसारखे झाडाला वळवते. ते कापून टाकले की झाड कुठेही पडते. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात माणूस-जनावर नको आणि मागे तिरके पळायची वाट आधीच साफ हवी. वाकलेले झाड मागून कापताना उभे चिरून खोड वर उसळते, म्हणून ते नवख्याने हाती घेऊ नये.

चेन, तेल आणि कानस

यंत्र चांगले कापते की नाही ते भुशावरून कळते. जाडसर ढलप्या पडत असतील तर धार ठीक आहे. पिठासारखा भुसा पडू लागला, यंत्र दाबावे लागू लागले, की चेन बोथट झाली. बोथट चेन बॅटरी लवकर संपवते आणि दाबून कापताना हात घसरतो. छोट्या यंत्रांच्या चेनला बहुधा ४ मिलिमीटरची गोल कानस लागते. माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावी. प्रत्येक दात्याला ३० अंशांच्या कोनात, आतून बाहेर, सारखेच तीन-चार फटके द्यावेत. एका बाजूचे दाते जास्त घासले गेले तर छाट तिरका जातो. जमिनीला एकदा जरी चेन टेकली तरी धार जाते, म्हणून पडलेली फांदी कापताना खाली ओंडका घ्यावा.

चेन थंड असताना पट्टीच्या मध्यावर ओढून पाहावी. थोडी उचलली जाऊन सोडताच परत बसली आणि खालचे दाते खाचेतच राहिले, तर ताण योग्य. नवी चेन पहिल्या तासाभरात सैल पडते, ती दोन-तीनदा तपासावी.

तेलाची टाकी नसलेल्या यंत्रात दर काही छाटांनंतर चेनवर हाताने तेल सोडावे लागते. कोरडी चेन पट्टीची खाच थोड्याच दिवसांत खाते. ट्रॅक्टरचे जळके ऑइल वापरू नये; त्यातील धातूचा कचरा पट्टी घासतो आणि ते फांदीच्या जखमेवर व जमिनीत उडते. चेनसाठीचे तेल नसेल तर एखाद्या दिवशी खाण्याचे तेल चालेल, पण ते वाळून चिकट होते, म्हणून संध्याकाळी चेन पुसून ठेवावी.

बॅटरीची निगा

लिथियम बॅटरीचा शत्रू उष्णता. काम करून गरम झालेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये, अर्धा तास सावलीत निवू द्यावी. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये, मोटारसायकलच्या डिकीत किंवा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ती ठेवू नये. चार्जिंग शेतपंपाच्या लाइनवर न करता घरी, कोणी जागे असताना, गादी-गवताच्या ढिगापासून दूर, फरशीवर करावे. चार्जर यंत्रासोबत आलेलाच वापरावा. दुसऱ्या पंपाचा चार्जर पिनमध्ये बसतो म्हणून तो चालतो असे नाही. पावसाळ्यात यंत्र पडून राहणार असेल तर बॅटरी निम्मी चार्ज करून, यंत्रातून काढून, कोरड्या जागी ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा पाहावी. पूर्ण संपलेली बॅटरी तशीच ठेवली तर पुढच्या हंगामात बहुधा चार्जच होत नाही.

फुगलेली, पाण्यात पडलेली किंवा वास येणारी बॅटरी पुन्हा चार्ज करू नये आणि उघडून दुरुस्तीही करू नये. ती घराबाहेर वाळूच्या बादलीत ठेवावी. निकामी बॅटरी भंगारात किंवा उकिरड्यावर टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. त्यामुळे बिल जपून ठेवा आणि नवी घेताना जुनी दुकानदाराकडे द्या.